माझ्यापेक्षा कडक माणसांच्या शोधात

सन १९६१. माझं वय तेव्हा चौसष्ट. दात अर्धे गेले होते, गुडघे शाबूत होते आणि धरलेला नेम एकही मोडला नव्हता. शाळा माझी दुसरीत सुटली. तरी हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. मुलाला लिहायला बसवलं तर तो मधे मधे आपली अक्कल घालतो.

लिहायचं कारण असं की परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, आबा, बाटलात का? कोणी तोंडावर विचारतं, कोणी माझ्या सुनेला विहिरीवर गाठून विचारतं. आमच्या सिन्नरच्या बाजूचं माणूस पालघर-तारापूरकडे सहसा जात नाही. तिकडचे लोक कसे आहेत हे इथे कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना बोलायला सगळे पुढे. तेव्हा काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. मग ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं.

शिवरात्र

भांडण साबुदाण्यावरून झालं. आमच्या महादेवाच्या देवळात शिवरात्रीचा उपास पूर्वी निर्जळी असे. माझ्या बापाने तो तसा केला, मीही तसाच करतो. त्या वर्षी मंडळींनी देवळाच्या आवारातच कढई चढवली. खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी आणि वर चहा. मी म्हटलं, हा उपास आहे की जेवणावळ? तर भावकीतलाच एक जण म्हणाला, आबा, तुमचा महादेव तापट दिसतो, आमचा भोळा आहे. सगळे हसले. माझा मुलगाही हसला, हातात खिचडीचं पान धरून.

मी देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, की जिथे नेम म्हणजे नेम अशी माणसं असतील तिथे मी जाणार. माझ्यापेक्षा कडक माणसं भेटली तर त्यांच्यापुढे मान वाकवीन आणि राहिलेलं आयुष्य त्यांच्यातच काढीन. मग ती कुठल्या का धर्माची असेनात. मुलगा म्हणाला, मग व्हा मुसलमान, नाहीतर व्हा ख्रिस्ती. तो रागाच्या भरात बोलून गेला. मी मात्र त्याचं बोलणं मनावर घेतलं.

आमच्या गावच्या तांबोळ्याची बहीण तारापूरला दिलेली आहे. तिचे सासरे हसनमियां. तांबोळी सांगायचा की त्यांच्या गल्लीत रमजानात कोणी दिवसा थुंकीसुद्धा गिळत नाही. रमजान दोन-चार दिवसांवर आला होता. तो मला म्हणाला, चिठ्ठी नको, नुसतं माझं नाव सांगा. मी गळ्यात माळ, फडक्यात दशम्या आणि हातात काठी घेतली, आणि रमजान लागून आठवडा झाल्यावर निघालो.

पालघर

नाशिकहून एस्टी जव्हारवरून खाली उतरते. घाटात पळस एवढा फुलला होता की माझ्या शेजारचा माणूस झोपला होता त्याला मी हलवून उठवलं, बघ म्हटलं. तो म्हणाला, रोजचं हाय, बाबा, आणि परत झोपला. खाली आलं की हवा ओली लागते. आमच्याकडे घाम येतो आणि वाळतो. इथे येतो तो राहतो.

पालघरला गवताच्या गंजी पाहिल्या. आमच्या देवळाच्या शिखराएवढ्या उंच, आणि एकीला लागून दुसरी. एवढं गवत एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. स्टँडवर समुद्रकाठच्या मुरबे गावच्या कोळणी सुकट-बोंबलाच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. मी माळकरी. नाकाला धोतराचा सोगा लावला. त्यावर एक कोळीण म्हणाली, "नाक कशाला धरतंस, बाबा? बोंबील काय उडी मारून तुझ्या तोंडात जातंय?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी सोगा काढला. माझ्या गावात मला असं बोलायची कोणाची छाती नव्हती.

चहाच्या दुकानात बाकावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. सदरा स्वच्छ, चेहरा धुतलेला, डोक्याला इतकं तेल की ते कपाळावर आलेलं. त्याच्याबरोबर दोन वारली होते. त्यांना त्याने चहा पाजला, स्वतः घेतला नाही. मी विचारलं, उपास का? तो म्हणाला, नाही हो, पोट जरा जड आहे. मला वाटलं, चांगला शौकीन माणूस दिसतो. पण बोलायला बरा होता. मी कुठे चाललो आणि कशाला, ते सगळं त्याला सांगितलं. मी लपवून काही करत नाही.

त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आबा, तारापूर कुठे पळत नाही. आधी आमच्या पाड्यावर चला. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमचेही उपासाचे चाळीस दिवस चालू आहेत."

मी विचारलं, कडक आहात का?

"ते तुम्ही येऊन बघा."

त्याचं नाव इनास. मूळ वसईकडचा. मिशनच्या शाळेत शिकवायचा आणि लोकांना प्रार्थना सांगायचा, म्हणून सगळे त्याला इनास मास्तर म्हणत. मी त्याच्याबरोबर बैलगाडीत बसलो.

मासवणच्या पुढे

मासवण ओलांडून सूर्या नदीच्या अंगाने आत गेलं की डोंगराच्या कुशीत तो पाडा लागतो. दहा-बारा कुडाची घरं, नाचणी-वरीचे तुकडे, ते त्या दिवसांत उघडे पडलेले. देऊळ म्हणजे पत्र्याची लांब खोली आणि बाहेर आंब्याच्या फांदीला टांगलेली घंटा. पाद्री महिन्यातून काही दिवस येतो. तो देवाशी बोलतो ती भाषा तिथल्या एकालाही कळत नाही. मला हसू आलं, मग आमच्या भटजींची आठवण झाली आणि गप्प बसलो.

मी पहिल्याच दिवशी चौकशीला लागलो. ज्याला त्याला विचारलं, तुम्ही चाळीस दिवस काय सोडलंत? कोणी नीट सांगेना. एक म्हणाला, हाय आपला. एक नुसता हसला. बायका तर माझ्याकडे पाठ करून निघून गेल्या. आणि सगळ्यांची डोकी तेलाने चकचकीत. मी मनात म्हटलं, हे आमच्या खिचडीवाल्यांचेच भाऊ. त्यात मास्तरने सांगितलं की रविवार उपासात धरत नाहीत. उपासाला रविवारची सुट्टी हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. उद्या निघायचं, असं मी ठरवून टाकलं.

पण दुसरा दिवस शुक्रवार होता. दुपारी घंटा झाली. पत्र्याच्या खोलीत भिंतीवर चौदा चित्रं आहेत. त्यांच्या देवाला मारायला नेतात, त्याच्या खांद्यावर लाकूड, तो पडतो, उठतो, परत पडतो. लोक एका चित्रापुढून दुसऱ्यापुढे जात होते आणि प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकत होते. जमीन शेणाने सारवलेली नव्हती, मुरूम होता, टोचणारा. त्यांच्यात बुधीआय नावाची एक म्हातारी होती, माझ्याहून थोरली. ती चौदा ठिकाणी खाली बसली आणि चौदा वेळा कोणाचा हात न घेता उठली. शेवटच्या चित्रापाशी तिच्या गुडघ्याच्या कातडीला मुरमाचे खडे चिकटले होते. ते तिने झाडलेसुद्धा नाहीत. आमच्याकडे देव दागिन्यांत असतो, पोशाखात असतो. मार खाल्लेला देव भिंतीवर लावून त्याच्यापुढे एवढी माणसं डोळे मिटून उभी राहतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर आल्यावर बुधीआय आंब्याखाली बसली. कमरेची मिश्रीची डबी काढली, उघडली, नाकाशी नेली, डोळे मिटून एक लांब वास घेतला आणि बोट न लावता डबी बंद करून परत कमरेला खोचली. मिश्री लावणाऱ्या बाईची मिश्री काय असते ते मला माहीत आहे. माझी आई भाकरीवाचून राहायची, मिश्रीवाचून नाही. मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, तू हीच सोडलीस ना?

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोलला का संपला, बाबा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मास्तरचा चहा. त्याच्या घरी जेवताना त्याने आपल्या ताटातला भात काढून मडक्यात टाकला होता, मला वाटलं कुत्र्यासाठी. तसं मडकं प्रत्येक घरात होतं. त्यातला भात ज्याच्याकडे कमी असेल त्याच्या दारात जाई, आणि कुठून आला ते त्याने विचारायचं नाही. म्हणजे सगळा पाडा उपाशी होता आणि प्रत्येक जण ते शेजाऱ्यापासून लपवत होता. मास्तरने मग सांगितलं, आमच्या पुस्तकात आहे, उपास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नकोस. मी ज्या तेलाला शौक समजत होतो तो त्यांचा नेम होता. मी चौसष्ट वर्षांत एकही उपास असा केला नव्हता जो चार लोकांना माहीत नव्हता.

पण मी ऐकणारा नव्हे. संध्याकाळी मास्तरला म्हटलं, तुमचं चांगलं आहे, पण याला कडक कसं म्हणायचं? जे दिसत नाही ते खरं की खोटं कोणी पाहायचं? प्रत्येकाने आपल्या मनाचं काहीतरी सोडायचं, कोणी चहा, कोणी मिश्री. उद्या कोणी लपून खाल्लं तर?

मास्तर कधी आवाज चढवत नसे. तो म्हणाला, "आबा, तुम्हाला उपास करायचा आहे की लोकांच्या उपासावर पहारा?"

मला राग आला. मी म्हटलं, मी तारापूरला जातो. तिथे सगळं उजेडात असतं. त्याने हात जोडले आणि सकाळी तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. त्या दिवशीही त्याच्या डोक्याला तेल होतं.

तारापूर

बोईसर फार मोठं नव्हतं. स्टेशन, चार दुकानं, गवत आणि माशा. तिथून मी टांगा केला. टांगेवाला मुसलमान, ओठ पांढरे पडलेले. वाटेत हौदावर त्याने घोडा सोडला. घोडं पाणी ओढत होतं, त्याचा आवाज येत होता, आणि हा माणूस त्याच्या आयाळीवरून हात फिरवत उभा. मी त्याच्याकडे बघतो आहे हे पाहून म्हणाला, "घोड्याला रोजा नाय, बाबा." मला त्याचं बोलणं आवडलं. ही माझी माणसं, असं मी टांग्यातच ठरवलं.

तारापूरला मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याबद्दल लिहायला मला येत नाही. किल्ल्याच्या भिंतीशी उभा राहिलो आणि पागोटं काढून हातात घेतलं, एवढंच सांगतो.

हसनमियां माझ्याच वयाचे, उंच, हाडकुळे. सोनारांना दागिने ठोकायला जे लोखंडी ठसे लागतात ते कोरायचं त्यांचं काम. तांदळाच्या दाण्याएवढं फूल ते लोखंडात कोरत. रोज्याच्या दिवसांत बारीक काम सकाळी करायचे, दुपारनंतर हात थरथरतो म्हणून नुसतं घासकाम. मी तांबोळ्याचं नाव सांगितलं. त्यांनी मला ओटीवर बाज टाकून दिली. त्यांची बायको खैरूनबी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मुसलमानाच्या घरचं पाणी प्यावं की नाही हा प्रश्न मी घर सोडलं तेव्हाच सोडला होता. पण मी तांब्या परत केला. म्हटलं, मी पण तुमच्यासारखाच धरणार.

हसनमियां म्हणाले, मुसाफिराला रोजा माफ असतो, आणि तुम्ही तर आमच्यातले नाही. मी म्हटलं, माझ्या नेमाला मुसाफिरी लागत नाही. ते हसले आणि मला तेव्हापासून बुवा म्हणू लागले.

पहाटे गल्लीत एक जण हाका मारत, डबा वाजवत फिरतो. घराघरांत लोक उठतात आणि उजाडायच्या आत खाऊन घेतात. मलाही उठवलं. मी तोंड फिरवून पडून राहिलो. खाऊन केलेला उपास कसला?

दिवसभर मी त्यांच्यावर नजर ठेवली. नमाजाच्या आधी तोंड धुताना हसनमियां चूळ भरत आणि असे थुंकत की एक थेंब आत जाऊ नये. विहिरीवर दोन बायकांचं जुंपणार होतं. एकीने तोंड उघडलं आणि मधेच म्हणाली, माझा रोजा हाय, आणि घागर उचलून चालती झाली. भांडणानेसुद्धा रोजा खराब होतो म्हणे. आमच्याकडे उपासाच्या दिवशीच जास्त भांडणं होतात. मशिदीत डोकावलो तर पुढची भिंत कोरी. चित्र नाही, मूर्ती नाही, फूल नाही. त्या कोऱ्या भिंतीपुढे ज्याचं गलबत आहे तो आणि जो गलबतावर ओझी वाहतो तो, खांद्याला खांदा लावून उभे, आणि एकदम वाकले. पाड्यावर प्रत्येक जण एकटा होता. इथे एकटं कोणीच नव्हतं. तिथे प्रत्येकाचा उपास वेगळा, इथे सगळ्या गल्लीची तहान एक.

आणि ती संध्याकाळ. सूर्य समुद्रात जायला आला तसे लोक ओट्यांवर येऊन बसले. प्रत्येकापुढे खजूर आणि पाणी. हसनमियांची सहा-सात वर्षांची नात हट्टाने त्या दिवशी रोजा धरून बसली होती. तिच्या हातात खजूर होता, बोटांना चिकटलेला. ती बोटंसुद्धा चाटत नव्हती. सगळी गल्ली गप्प. दिवसभराची भूक पुढ्यात घेऊन एवढी माणसं बसली आहेत आणि एकही हात हलत नाही. मला वाटलं, हेच. हेच मी शोधत होतो. मग मशिदीतून अजान आली आणि सगळे हात एकदम तोंडाकडे गेले.

माझा गेला नाही. मी हात मांडीवर ठेवून बसलो. शेजारी विचारू लागले तसं मोठ्याने सांगितलं, मी अजून थांबतो, पुरता अंधार पडल्यावर सोडीन. पहाटे खाल्लंही नव्हतं, तेही सांगितलं. मला वाटलं, आता या लोकांना कळेल की माणूस कुठल्या मातीचा आहे.

कोणी वाहवा केली नाही. हसनमियांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायले, तोंड पुसलं. मग म्हणाले, "बुवा, तुमी आमच्या पुढे नाय गेलात. आमच्या रांगेतून बाहेर गेलात."

मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त धरला, कमी नाही.

"ज्यानं धरायला सांगितलं, त्यानंच सोडायला सांगितलं. वेळ झाली का सोडायचा, तो पण हुकूमच हाय. पहाटेचं खाणं पण त्याचंच. तुमी कोणाचं ऐकताय?"

मी तरीही खाल्लं नाही. अंधार झाल्यावर माझ्या फडक्यातली दशमी काढून कोपऱ्यात बसून खाल्ली. ती वाळून कडक झाली होती. सगळे आत नमाजाला गेले होते. त्या ओटीवर मी एकटाच कडक माणूस उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पण मी पहाटे उठलो नाही. ऊन तापल्यावर बंदराच्या वाटेने चालत निघालो. कशाला, तर घरात बसून दिवस काढणं सोपं, चालून दाखवावं म्हणून. येताना गल्लीच्या तोंडाशी माझ्या डोळ्यांपुढे पिवळं झालं आणि मी पडलो. मला उचलून आणलं ते हसनमियांनी आणि आणखी तिघांनी. त्यांच्या तोंडात सकाळपासून पाणी नव्हतं. बाजेवर टाकून माझ्या तोंडाला तांब्या लावला, तर मी दात आवळून धरले, असं मला नंतर सांगितलं. तेव्हा खैरूनबी भाभी म्हणाली ते मात्र मी ऐकलं. "भाऊ, मरायचं असेल तं ईदनंतर मरा. आता कबर खणायला कोणाच्या अंगात ताकद नाय." चौघेही हसले. मलाही हसू आलं, आणि तोंड उघडलं तसं तिने पाणी ओतलं.

दुपारभर बाजेवर पडून होतो. वर कौलं आणि मनात तोच विचार. पाड्यावरच्यांनी माझा उपास लोकांच्या डोळ्यांपासून काढून घेतला होता. इथल्यांनी तो माझ्या हातातूनच काढून घेतला. ते म्हणतात दाखवायचा नाही, हे म्हणतात वाढवायचा नाही. मग त्यात माझं काय राहिलं? आणि माझं काहीच राहत नसेल तर एवढी वर्षं मी कोणासाठी उपाशी राहिलो? महादेवासाठी म्हणायला जीभ रेटेना. एवढा मोठा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. त्या समुद्राकडे पाहताना वाटलं होतं तसंच वाटलं. पलीकडचा काठ दिसत नाही असं.

संध्याकाळी अजान झाली. त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर खजूर तोंडात टाकला. हसनमियां नमाज पढून आले आणि बाजेच्या कडेला बसले. मी उठून बसलो आणि सांगितलं, मला सापडलं. तुम्ही माझ्यापेक्षा कडक आहात. मी तसं गावात बोलून आलो आहे, तेव्हा मला इथेच ठेवून घ्या. कलमा म्हणायचा तर म्हणतो. माळ उतरवायची तर उतरवतो.

त्यांनी हो म्हटलं नाही. त्यांच्यातला दुसरा कोणी असता तर लगेच हो म्हणाला असता.

"कलमा दोन ओळींचा हाय, बुवा," ते म्हणाले. "पण तो हरल्यावर रागानं म्हणायचा नसतो. आधी एक लहान काम करा. तुमी आजारी हाय, मुसाफिर हाय. अशा माणसानं खायचं, असा हुकूम हाय. उद्या सकाळी तुमी जेवा. आतल्या घरात बसून, पोटभर."

"तुम्ही सगळे उपाशी, आणि मी जेवू?"

"हां."

"मागा ते देतो. हे जमणार नाही."

"माहीत हाय," हसनमियां म्हणाले. "म्हणून तं हेच सांगितलं."

पुढचं थोडक्यात लिहितो. ईदपर्यंत मी तिथे राहिलो. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला टांग्यात बसवून दिलं. म्हणाले, तुमाला मुलगा हाय, सून हाय, त्यांच्यात राहून दाखवा, आमच्यात राहणं त्याच्यापेक्षा सोपं हाय. कलम्याची गोष्ट ना त्यांनी परत काढली ना मी. माळ माझ्या गळ्यात आहे, ज्याला बघायची त्याने येऊन बघावी. पण मान मी वाकवून आलो आहे. बोललो होतो तसं. त्याला कोणी बाटणं म्हणत असेल तर म्हणो. ती कधी वाकवली ते तेवढं सांगायचं राहिलं.

हसनमियांनी जेवायला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खैरूनबी भाभीने चूल पेटवली. रमजान लागल्यापासून त्या गल्लीत सकाळच्या वेळी निघालेला तो पहिला धूर. शेजारणीने भिंतीवरून विचारलं, भाभीने सांगितलं, मेहमान आजारी हाय. बाहेर ओटीवर हसनमियांच्या छिन्नीचा आवाज चालू होता. भाभीने पाट मांडला, गरम पाण्यात मळलेली तांदळाची पांढरी भाकरी वाढली, मऊ, आमच्या बाजरीच्या निम्म्या वजनाची, आणि दुधीची भाजी. मी हात धुऊन बसलो. पहिला घास तोंडात तसाच राहिला, खाली उतरेना. छिन्नीचा आवाज थांबला नव्हता. मी तो घास गिळला. भाभी दाराशी ओढणी ओठांवर धरून बसली होती. तिने विचारलं, "भाऊ, मीठ बराबर हाय ना? रोज्यात मला चाखता येत नाय."

मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं. तिने उठून चिमूटभर मीठ आणून पानात घातलं. मी ती भाकरी संपवली आणि आणखी एक मागितली.